परिषदेतल्या दोन रिकाम्या खुर्च्या

आमचं कॉलेज अमरावतीच्या संस्थेत विलीन होणार, ही गोष्ट आम्हाला प्राचार्यांनी सांगितली नाही. पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं सांगितली. सकाळच्या पाळीचे तास सुरू व्हायचे होते, मी फाटकातून आत शिरत होते, आणि हा बाबा शिडीवर चढून कॉलेजच्या नावाची लांबी टेपनं मोजत होता. काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "नवीन नाव लय लांब हाय मॅडम, हे लाकूड पुरत नाई." कोणतं नवीन नाव? त्यानं खिशातून चिठोरं काढून वाचून दाखवलं. आधी विद्यापीठ, मग अमरावती, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात अकोला परिसर. मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "आजच सांगणार होतो." आमचे प्राचार्य प्रत्येक गोष्ट आजच सांगणार असायचे.

मी तिथं रसायनशास्त्र शिकवत होते. संस्था अकोल्याच्या चार जिनिंगवाल्यांनी मिळून काढलेली, विनाअनुदानित. कापसाची चलती होती तोवर त्यांना कॉलेजचं कौतुक होतं. दरवर्षी स्नेहसंमेलनाला यायचे, पहिल्या रांगेत बसून पान खायचे, इमारतीला एखादी खोली वाढवायचे. मग ती वाईट वर्षं आली. भाव पडला, कापसाच्या गाड्या बाजाराच्या आवारात खोळंबून राहू लागल्या, पेपर उघडला की पहिल्या पानावर आपल्याच जिल्ह्यातल्या गावांची नावं दिसायची आणि तो घडी करून ठेवावासा वाटायचा. एकेक जिन बंद पडला. संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या जिनाच्या जागेवर मंगल कार्यालय काढलं, तेव्हाच आम्ही काय ते समजायला पाहिजे होतं. बार्शीटाकळीकडून एसटीनं येणारी पोरं पहिल्या सत्रात दिसायची आणि दिवाळीनंतर गायब व्हायची. पगाराची तारीख मागं मागं सरकत होती. म्हणजे विलीनीकरण कशासाठी, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नव्हतो.

पण अमरावती! दुसरं गाव मिळालं नाही का यांना? अकोलेकराला विचारा, तो सांगेल, आयुक्तांचं ऑफिस अमरावतीला, विद्यापीठ अमरावतीला, सगळं काही त्यांनीच नेलं. वर आम्हाला म्हणायचे व्यापाऱ्यांचं गाव. आम्ही काय नुसता कापूस तोलतो? आता त्यांनी आपली चार कॉलेजं आणि आमचं एक अशी मोट बांधून स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळवला होता, आणि आम्ही त्यांचा परिसर झालो होतो. स्टाफरूममध्ये त्या दिवशी कोणाचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. उर्दूचे सर तेवढे शांत होते. सर जुन्या शहरातलेच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारे, उंच, पांढरी दाढी, आणि कोणावरही पहिल्या भेटीत विश्वास ठेवायचा नाही ही त्यांची शपथच होती. ते म्हणाले, "मॅडम, आता पाहा तुमी. पहिले गोड बोलतीन. लय गोड."

तसंच झालं. अमरावतीहून दर मंगळवारी कुलसचिव यायला लागले. पन्नाशीचा माणूस, दर्यापूरकडच्या खेड्यातला, बाहेर सोडलेला बुशशर्ट, हातात स्टीलचा डबा. शिपायांशी अस्सल वऱ्हाडीत बोलायचे आणि आमच्याशी पुस्तकी मराठीत, आणि यातच मला पहिली शंका आली. एकाच माणसाला दोन भाषा कशाला लागतात? आले की आधी झाडाखाली उभे राहून शिपायाच्या पोराबाळांची चौकशी करायचे. मग ग्रंथालयात, मग कँटीनमध्ये. प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यात शेवटी. आम्ही खिडकीतून पाहायचो आणि हा आता कोणाला फोडतोय याचा अंदाज बांधायचो.

मग एकेक सुरू झालं. फोटो लावलेली ओळखपत्रं आली. वाढदिवसाला कुलगुरूंच्या सहीचं शुभेच्छापत्र घरी येऊ लागलं. माझ्या वाढदिवसाचं पत्र आलं तेव्हा मी ते उलटसुलट करून पाहिलं, कुठं काही अट तर लिहिलेली नाही ना. पगार एक तारखेला व्हायला लागला, तर आमच्यातले निम्मे लोक म्हणाले, बघा, सवय लावून राहिले. माझ्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं फुटका पडलेला धूर ओढणारा पंखा एका मंगळवारी बदलून मिळाला. मी काही मागितलाच नव्हता. मी त्या पंख्याकडे कितीतरी दिवस संशयानं पाहत होते. पोरं खोकत नव्हती, डोळे चोळत नव्हती, आणि तरी मला वाटायचं की हा माझं तोंड बंद करायलाच लावलेला आहे. संयुक्त क्रीडा महोत्सव झाला, त्याला आमच्याकडून फक्त व्यायामाचे सर गेले, तेही जॅकेट मिळालं म्हणून. ते जॅकेट त्यांनी स्टाफरूममध्ये घालायची हिंमत केली नाही.

आमच्याकडे विरोध करायला एकच गोष्ट उरली होती. विद्यापीठाची विद्वत परिषद होती, तिच्यात अकोल्याला दोन खुर्च्या होत्या. आम्ही कोणालाच निवडून दिलं नाही. प्राचार्यांनी विनवलं, आम्ही ऐकलं नाही. कारण साधं होतं. दिल्लीहून तपासणी समिती यायची होती, आणि सगळ्या कॉलेजांचे लोक एका टेबलाशी बसलेत असं तिला दाखवायचं होतं. आमचं माणूस तिथं बसलं की विलीनीकरण आम्ही मान्य केलं असा त्याचा अर्थ होणार होता. मी तर शपथेवर सांगितलं होतं, मी त्या खुर्चीत बसायची नाही. पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. प्राचार्यांच्या कानावर घातलं होतं, घरी सांगितलं होतं, नवऱ्यानं अंगणात भाजी लावायला जागाही करून ठेवली होती.

अशात बातमी आली की कमी विद्यार्थी असलेले विषय एकाच ठिकाणी आणणार. म्हणजे आमचं उर्दू अमरावतीला जाणार.

आता यात अडचण काय, हे अमरावतीच्या टेबलावर बसून कळणारं नव्हतं. उर्दू घेऊन बी.ए. करणाऱ्या बहुतेक मुली जुन्या शहरातल्या होत्या. त्यांच्यासाठीच ती सकाळची पाळी होती. बाजार भरायच्या आत तास संपायचे आणि मुली घरी पोचायच्या. मोर्णा नदीचा पूल ओलांडून त्या घोळक्यानं चालत यायच्या आणि मी त्यांच्याबरोबर चालायचे, माझंही घर तिकडेच असल्यामुळे. सुरुवातीला योगायोग होता, मग ती रीतच पडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान होतं, त्या दुकानदाराच्या मुलीला कॉलेजात घालायला मीच तीन वर्षं त्याच्या मागं लागले होते. तो म्हणायचा, पुलापलीकडे आमची पोरगी कधी गेली नाई. मी म्हणायचे, माझ्यासोबत जाईल, माझ्यासोबत येईल. शेवटी तो तयार झाला. मुलगी हुशार होती, कमी बोलायची, नगरपालिकेच्या उर्दू शाळेत मास्तरीण व्हायचं तिनं ठरवून टाकलेलं होतं. तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं.

बातमी ऐकून मी दुकानात गेले. तो बांगड्यांचे डबे पुसत होता. म्हणाला, "अमरावती? नाई मॅडम. पूल झाला, तेवढं पुष्कळ झालं." मी म्हटलं, बस आहे, सर असतील, वसतिगृह आहे. तो नुसता मान हलवत राहिला. "तुमी असता तं गोष्ट अलग होती." मुलगी मागं पडद्याआड उभी होती. दुसऱ्या दिवशी पुलावर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, माह्यं कसं होईन मंग?" मी म्हटलं, बघू, आणि उरलेल्या रस्त्यात पोरींना उगाच चालायची घाई केली.

आमच्या कॉलेजात एक जुनी रीत होती. कोणाशी मोठा तंटा झाला, वर्षानुवर्षं अबोला धरला, तर मीटिंग घ्यायची नाही, अर्ज करायचा नाही. रोडगे करायचे. बार्शीटाकळीच्या रस्त्याला भूगोलाच्या सरांचं शेत होतं, तिथं हिवाळ्यात गोवऱ्यांच्या विस्तवात, म्हणजे जगरात, कणकेचे जाड रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप, आणि ज्याच्याशी भांडण त्याला बोलावून पोटभर जेवू घालायचं. जेवताना मूळ विषय काढायचा नाही. तो काढणं म्हणजे असभ्यपणा. समोरचा पाहुणा आला आणि जेवला, की त्यानं शब्द दिला असं समजायचं. ग्रंथपाल आणि हेडक्लार्क यांचं एका कपाटावरून सुरू झालेलं वैर असंच मिटलं होतं. एक शब्द न बोलता दोघं शेजारी बसून जेवले आणि दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली टेबलावर आली.

तेव्हा आम्ही ठरवलं, कुलसचिवांना रोडग्याला बोलवायचं. बोलावलं की ते समजतील. आले तर उर्दू इथंच राहिलं. मला जरा धाकधूक होती, पण उर्दूचे सरच म्हणाले, "थो बी वऱ्हाडातलाच हाय ना. त्याले समजत नसन काय?"

ते आले. मोटार बांधावर उभी करून तुरीच्या ओळींतून चालत आले, गोणपाटावर मांडी घालून बसले. उर्दूच्या सरांनी स्वतःच्या हातानं वाढलं. कुलसचिवांनी मुठीनं रोडगा फोडला, तुपात बुडवला, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि शेवटी हात धुता धुता सरांना म्हणाले, "तुमच्या हाताले चव हाय जी." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्याशी ते वऱ्हाडीत बोलले होते, पहिल्यांदाच. भूगोलाच्या सरांनी त्यांना निघताना पिशवीभर हिरव्या तुरीच्या शेंगा दिल्या. परत येताना टेम्पोत सगळे खुशीत होते. मी पुलावर मुलीला सांगूनही टाकलं, काळजी करू नको.

पुढच्या आठवड्यात फलकावर सूचना लागली. अकोला परिसरातील सहकाऱ्यांच्या सहमतीने उर्दूचे वर्ग जूनपासून अमरावती परिसरात भरतील.

माझं डोकंच फिरलं. मंगळवार उजाडेपर्यंत मी कशी थांबले मलाच माहीत. कुलसचिव प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होते. मी आणि उर्दूचे सर न विचारता आत शिरलो. मी म्हटलं, "सहमती? कोणाची सहमती? कोणी दिली तुम्हाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर खरंच गोंधळ दिसत होता, किंवा तसा दाखवत होते. "तुमीच तं दिली मॅडम. रोडगे खाऊ घातले ना मले."

"म्हणूनच तर घातले! तुम्ही आलात, जेवलात, म्हणजे तुम्ही आमचं ऐकलं. असंच असतं."

"आमच्याकडे असं नसते," ते म्हणाले. "आमच्या गावात भांडण मिटलं की जो पडतं घेते थो जेवू घालते. तुमी बोलावलं, मले वाटलं, तुमी पडतं घेतलं. मी तं घरी जाऊन बायकोले सांगतलं, अकोल्यावाले लय दिलदार हायेत म्हणून."

उर्दूच्या सरांना हसू आवरेना. दाढीत तोंड लपवून हसत होते. प्राचार्यही हसले. मी नाही हसले. एका जिल्ह्यात जेवणारा शब्द देतो आणि शेजारच्या जिल्ह्यात जेवू घालणारा, आणि दोघंही तोंड उघडत नाहीत, हे मला पटायला कठीण गेलं. आजही मला त्यांची ती गोष्ट पूर्ण खरी वाटत नाही. दर्यापूरकडच्या दोघातिघांना मी पुढं विचारलं. एक म्हणाला, असतं असं. दुसरा म्हणाला, मी तर कधी ऐकलं नाही. तिसऱ्यानं मलाच विचारलं की रोडगे कोणी केले होते.

मी म्हटलं, "ठीक आहे. गैरसमज झाला. आता ती सूचना काढून टाका."

"माझ्या हातात नाई. परिषदेचा ठराव हाय. परिषदेनं केला, परिषदच बदलीन." मग म्हणाले, "तुमच्या दोन खुर्च्या रिकाम्या हायेत तिथं. ठराव झाला तवाबी रिकाम्याच होत्या."

बस. एवढंच बोलले आणि पुन्हा चहाचा कप उचलला.

स्टाफरूममध्ये त्या दिवशी दारं लावून घ्यावी लागली. हा सापळा आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. उर्दू हलवायचंच नव्हतं त्यांना, म्हणे. आपल्याला परिषदेत आणायला उर्दूचं आमिष लावलंय. आपण गेलो की दिल्लीची समिती खूश, विद्यापीठ पक्कं. व्यायामाचे सर म्हणाले, जाऊ नका. गणिताच्या बाई म्हणाल्या, चार पोरींसाठी सगळ्यांचा लढा मोडणार का? त्यावर मला राग आला. चार पोरी म्हणजे काय? लढा कशासाठी चालला होता मग, पाटीवरच्या अक्षरांसाठी? मी मोठ्यानं बोलले, जरा जास्तच मोठ्यानं. माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही.

उर्दूचे सर खिडकीशी उभे होते. म्हणाले, "माह्यं काय हाय, मी तं जाईन अमरावतीले. नोकरी माही शाबूत हाय. पोरी नाई जाणार." मी विचारलं, सापळा आहे असं तुम्हाला वाटतं का. म्हणाले, "शंभर टक्के हाय." मग टोपी नीट करत म्हणाले, "कोणती बस पकडायची मंग?"

आम्ही दोघं मूर्तिजापूर मार्गे गेलो. एसटी रिकामी होती, खिडकीतून कापसाची करपलेली परहाटी दिसत होती, आणि पूर्ण रस्ता मी मनात बोलायचं पाठ करत होते. सर मध्येच म्हणाले, "मॅडम, चहा पाजतीन तिथं. प्यायचा का नाई?" मी म्हटलं, नाही प्यायचा. यांच्याकडे चहा प्यायचा काय अर्थ होतो कोणाला ठाऊक. ते गंभीरपणे हो म्हणाले.

परिषदेचं दालन मोठं होतं, लांब टेबल, प्रत्येक खुर्चीसमोर नावाची लहान पाटी. शिपायानं आम्हाला आमच्या जागा दाखवल्या. समोर माझ्या नावाची पाटी होती. शेजारी सरांच्या नावाची. दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून प्राचार्यांनी आमची दोघांची नावं आदल्या दिवशी फोनवर कळवली होती, तेव्हा पाटी असण्यात नवल नव्हतं. पण मी ती हातात घेतली तर बोटाला धूळ लागली. अक्षरांच्या खाचांत धूळ होती, टेबल मात्र स्वच्छ पुसलेलं. म्हणजे ही पाटी कालची नव्हती. कधीतरी आधीच तयार करून कुठल्या तरी कपाटात ठेवलेली होती. आमच्या कॉलेजात तेव्हा चाळीसेक माणसं होती. त्यातून आम्ही दोघंच येऊ, हे यांना कधी कळलं? मी पाटी सरांना दाखवली. त्यांनी आपल्या पाटीवर बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. टेबलाच्या पलीकडून कुलसचिव आमच्याकडे पाहत होते. मी पाहते आहे म्हटल्यावर त्यांनी कागद चाळायला घेतले.

उठून निघून जावं असं क्षणभर वाटलं. अंगाचा भडका उडाला होता. पण मुलगी आठवली, पुलावर हळूच विचारणारी, आणि मी बसून राहिले.

माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेलं काहीच बोलले नाही. मोर्णेचा पूल सांगितला, बाजाराची वेळ सांगितली, बांगडीवाला काय म्हणाला ते सांगितलं. उर्दूच्या सरांनी फक्त एवढंच म्हटलं की मला इथं आणलं तर मी एकटाच येईन आणि रिकाम्या वर्गाला शिकवीन. अमरावतीच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, मग हे आम्हाला आधी कोणी का सांगितलं नाही. कोणी फार वाद घातला नाही. ठराव बदलला. उर्दू अकोल्यात, सकाळच्या पाळीत, तसंच राहील. दहा मिनिटांचं काम होतं ते.

मग कुलगुरू म्हणाले, आज परिषद खऱ्या अर्थानं पूर्ण झाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला तयारच होता. आम्हाला मधोमध उभं केलं. चहा आला. मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. तोवर दोघांचेही कप हातात आले होते.

अकोल्यात पोचायला संध्याकाळ झाली. मी घरी न जाता थेट दुकानात गेले. सांगितलं, उर्दू इथंच राहिलं, मुलीचं शेवटचं वर्ष इथंच होईल. मला वाटलं तो आनंदानं उठेल. तो उठला नाही. एका गिऱ्हाईकाच्या हातात बांगडी चढवून झाली, पैसे घेतले, मग म्हणाला, "मॅडम, एक सांगा. आता थे कॉलेज कोणाचं हाय? पाटीवर तं अमरावती लिवलं हाय."

मी म्हटलं, "आपलंच आहे."

माझ्या तोंडून हे इतक्या पटकन निघालं की मीच दचकले. गेलं वर्षभर मी जो भेटेल त्याला सांगत होते की ते आपलं राहिलेलं नाही.

तो म्हणाला, "अमरावतीवाल्याईले मी वळखत नाई. आज हो म्हणतीन, उद्या उचलून नेतीन. तुमी हाय ना तिथं?"

"आहे."

"म्हणजे आज नाई. पोरीचं होईपर्यंत. तिच्या मागं धाकटी बी हाय, थे बी म्हणून राहिली का जातो म्हणून. तुमी असान तं धाडतो. तुमी सोडलं तं मी बी सोडीन. पस्ट सांगतो."

मुलगी पडद्यातून बाहेर येऊन उभी राहिली होती. धाकटी तिच्या मागं. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "मी कुठं जात नाही."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो अंगणाकडे पाहत म्हणाला, बरं. एवढंच. मला त्या रात्री फार चीड आली होती, आणि नेमकी कोणावर ते ठरवता येत नव्हतं. कुलगुरूंनी पाठवलेली पत्रं, तो पंखा, एक तारखेचा पगार, यांतल्या कशानंही मला बांधलं नव्हतं. मी शब्द दिला होता तो बांगडीवाल्याला, विद्यापीठाला नव्हे. पण तो पाळायचा तर रोज सकाळी त्याच फाटकातून आत जावं लागणार होतं, त्याच पाटीखालून, आणि परिषदेला त्याच खुर्चीत बसावं लागणार होतं, पुन्हा कोणी उर्दू हलवायला निघालं तर अडवायला.

थोरली झाली, मग धाकटी. मग समोरच्या गल्लीतल्या दोघी. प्रत्येकीचा बाप दुकानात किंवा दारात उभा राहून हाच प्रश्न विचारायचा, तुम्ही आहात ना तिथं, आणि मी आहे म्हणायचे. असं करता करता माझं निवृत्तीचं वय झालं. कुलसचिव मंगळवारी येत राहिले. स्वेच्छानिवृत्तीचा विचार माझ्या मनात होता, हे उर्दूच्या त्या ठरावाआधीच प्राचार्यांच्या तोंडून त्यांच्या कानावर गेलेलं होतं, हे मला नंतर समजलं. पण मी तो का सोडला, हे त्यांनी मला कधी एका शब्दानंही विचारलं नाही.